कॅरॅव्हॅनच्या तळाला भोक पाडण्याआधी

फेब्रुवारीतल्या त्या रात्री आम्ही आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरात, झोपलो होतो. बाहेर उणे सहा होतं. पहाटे तीनच्या सुमाराला गॅसचा हीटर फुरफुरत विझला. सिलिंडर हलवून पाहिला तर निम्म्याहून जास्त भरलेला. पण तो ब्यूटेनचा होता, आणि शून्याच्या आसपास ब्यूटेनची वाफच होईनाशी होते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. लेकीला आम्ही दोघांच्या मधे घेतलं, होती नव्हती ती पांघरुणं तिच्यावर घातली आणि उजाडायची वाट पाहत बसलो. सकाळी गादी उचलली तर खालची फळी ओली. हात फिरवला की तळव्याला पाणी लागत होतं. तीन माणसांच्या रात्रभराच्या श्वासातली वाफ सगळ्यात गार जागा शोधून तिथे बसली होती.

डिझेल हीटर बसवायचा हे त्या सकाळी ठरलं. तो सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला, आणि बिनधास्त झोपता येईल असा व्हायला डिसेंबर. हीटर कोणता घ्यावा हे सांगणारे खूप भेटले. तो नेमका कुठे बसवावा आणि ते कसं ठरवावं, हे फार थोड्यांनी सांगितलं. माझे सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले, म्हणून हे लिहितेय.

आधी एक सांगते. नुसता प्रोपेनचा सिलिंडर आणला असता तरी आमचा निम्मा प्रश्न सुटला असता. प्रोपेनची वाफ उणे ४२ अंशांपर्यंत होते. ज्यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये धुराड्याचा चांगला गॅस हीटर आहे त्यांनी आधी तेच करून पाहावं. आमचा हीटर जुना होता, सिलिंडर जड होते आणि दर तीन-चार दिवसांनी बदलावे लागत. विजेचा हीटर प्लग असेल तिथेच चालतो. डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि ते कुठल्याही पंपावर मिळतं. स्वयंपाक आम्ही अजूनही गॅसवरच करतो.

मार्चभर मी फक्त वाचत होते. डिझेल हीटरच्या आत दोन हवा वाहतात आणि त्या एकमेकींना कधीच भेटत नाहीत. एक हवा बाहेरून येते, डिझेलबरोबर जळते आणि धूर होऊन बाहेर जाते. दुसरी हवा खोलीतलीच. पंखा ती ओढतो, तापलेल्या धातूच्या पंखांवरून नेतो आणि परत खोलीत सोडतो. मधे असते ती धातूची भिंत. हे नीट कळलं आणि माझी भीती बरीच कमी झाली. भीती होती कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची. दिसत नाही, वास नाही, आणि मूल शेजारी झोपलेलं. एक पक्कं झालं: धुराच्या वाटेवरचा प्रत्येक सांधा तळाच्या खाली, मोकळ्या हवेत हवा. आत एकही नको.

मग वहीत चार वाटा काढल्या. डिझेलची, विजेची, जळणाच्या हवेची आणि धुराची, खोलीतल्या हवेची. या चारही जिथे जमतील ती हीटरची जागा.

किती मोठा घ्यायचा? आमची खोली आतून साडेपाच मीटर लांब, सव्वादोन रुंद, दोन मीटर उंच. भिंती, छप्पर, तळ मिळून साधारण ५५ चौरस मीटर. पातळ भिंती आणि प्लास्टिकच्या खिडक्या धरून एका चौरस मीटरमधून प्रत्येक अंशामागे सव्वा वॅटच्या आसपास उष्णता जाते असं मानलं. आत-बाहेर २५ अंशांचा फरक धरला, तर १७०० वॅट. म्हणजे २ किलोवॅट पुरे. नवऱ्याचा कल ५ किलोवॅटकडे होता. "मोठा घेऊ आणि बारीक ठेवू," असं त्याचं म्हणणं. गॅसच्या शेगडीला ते चालतं, याला नाही. डिझेल हीटर सतत मंद जळत राहिला की आतली ज्योत पुरेशी तापत नाही, काजळी साचते आणि एके दिवशी तो पेटायचाच नाकारतो. लहान हीटर जोरात चाललेला बरा.

निवड करताना नावं थोडीच होती. वेबॅस्टो आणि एबरश्पेशर या जर्मन कंपन्यांचे हीटर ट्रकमध्ये वर्षानुवर्षं वापरात आहेत, त्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारी माणसं सापडतात. ऑटोटर्मचाही विचार केला. शिवाय बिननावाचे स्वस्त संच. अशा एका संचाच्या किमतीत आणि नावाजलेल्या हीटरच्या किमतीत पाच-सहा पटींचा फरक होता. स्वस्त संच बसवून वर्षानुवर्षं समाधानानं वापरणारी माणसं मला माहीत आहेत. आमचा निर्णय झाला तो कागदपत्रांमुळे.

१४ एप्रिलला विमा कंपनीला पत्र पाठवलं: वाहनात बदल करतोय, चालेल का? उत्तर १९ दिवसांनी आलं. हीटरच्या पाटीवर मान्यतेचा शिक्का हवा होता. म्हणजे वर्तुळातलं 'ई' हे अक्षर, त्याच्या शेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक, आणि त्याखाली संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांपैकी १२२व्या नियमाची मान्यता. हा नियम वाहनांतल्या हीटिंगसाठीच आहे. शिवाय जाणकार तंत्रज्ञाची सही असलेला तपासणीचा कागद आणि बसवल्यानंतरचे फोटो. मी चौकशी केलेल्या स्वस्त संचांपैकी एकाच्याही विक्रेत्याला मान्यतेचा कागद दाखवता आला नाही. प्रश्न तिथेच मिटला. आम्ही वरच्या तीन नावांपैकी एकाचा, २ किलोवॅटचा घेतला.

दुसरं पत्र कॅरॅव्हॅन विकणाऱ्यांना. आमची ओल न शिरण्याची हमी अजून दोन वर्षं शिल्लक होती. तळाला भोक पाडलं तर ती जाते का? तोंडी उत्तर मिळालं, "काही होत नाही." लेखी मागितलं तर पाच आठवडे लागले, आणि लेखी उत्तर वेगळं होतं: भोकाभोवतीच्या भागाची हमी संपेल, बाकीची राहील. आम्ही ते मान्य केलं. तोंडी उत्तरावर विसंबून करवत चालवली असती तर पुढे वाद घालायला हातात काहीच नसतं. तेव्हा हे लेखी घ्याच.

तिसरा कागद वजनाचा. प्रवासाला निघतो तसं सगळं सामान भरून कॅरॅव्हॅन वजनकाट्यावर नेली. कमाल मर्यादेपर्यंत ४१ किलो शिल्लक होते. हीटर स्वतः तीन किलोसुद्धा नाही, पण टाकी, पाइप, वायर, पट्ट्या धरून ११ किलो भरले, वर दहा लिटर डिझेलचे साडेआठ. म्हणजे निम्मी सवलत संपली. दोन सिलिंडरांपैकी एक कमी केला तेव्हा मन हलकं झालं. टाकी पुढे बसवणार असाल तर ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर येणारं वजनही मोजा. ती मर्यादा वेगळी असते आणि लवकर ओलांडली जाते.

जूनमध्ये ऑर्डर दिली. हीटर तीन आठवड्यांत आला. हीटर ज्यावर बसतो ती तळाच्या जाडीची बैठक-पट्टी आणि लांब एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप मात्र वेगळे मागवावे लागले, त्यांना आणखी सहा आठवडे. संचातला पाइप इंजिनाच्या गाडीच्या हिशेबाने दिलेला असतो. कॅरॅव्हॅनचा तळ जाड, तिला इंजिन नाही, डिझेलची टाकी नाही, हे ऑर्डर देतानाच सांगावं.

त्या सहा आठवड्यांत जागा ठरवली. पुस्तिकेतल्या मापांवरून पुठ्ठ्याचा खोटा हीटर केला, ३१ सेंटिमीटर लांब. लेकीने त्याला रंग दिला. तो खोका पलंगाखाली, कपाटात, पुढच्या बाकाखाली ठेवून पाहायचा आणि दर वेळी चारही वाटा बोटाने आखायच्या. पलंगाखाली जागा ऐसपैस होती, पण डोक्याशी पंख्याचा आवाज आणि बॅटरी दुसऱ्या टोकाला. कपाटातून गरम हवेच्या नळीला चार वळणं लागत होती. वळणं जास्त झाली की हवा अडते आणि हीटर तापून स्वतःच बंद पडतो. बाकाखाली नळीला एकच वळण होतं आणि धुराला दारापासून दूरची बाजू मिळत होती. बॅटरी तिथूनही वायरीच्या वाटेने सहा मीटर होती, ते स्वीकारलं. खोलीतली हवा ओढणारं तोंडही आतच ठेवा. बाहेरची गार हवा ओढून तापवत बसलं की डिझेल वाया जातं आणि खाली धूर असेल तर तोही आत येतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार. चाकांना ठोकळे, चारही कोपऱ्यांना स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरू नका. वरून खूण केली, दोनदा मोजली. नवरा ड्रिल हातात घेऊन थांबला होता.

"अगं, एकदा कापलं की मागे फिरता येणार नाही."

"म्हणून आधी तीन मिलिमीटरचं पाड. मी खाली जाऊन बघते."

ते तीन मिलिमीटर फार कामाचे ठरले. खाली निघालेलं टोक चॅसीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पट्टीपासून चार सेंटिमीटरवर होतं. आम्हाला १२ सेंटिमीटरचं भोक हवं होतं, म्हणजे मध्यापासून सहा. थेट मोठी करवत लावली असती तर ती लोखंडावर जाऊन आदळली असती. चॅसीला धक्का लावायचा नाही, तिला भोक पाडायचं नाही, हे तर आधीच ठरलेलं. वरची मापं आणि खालची मापं जुळतात असं वाटत राहतं, प्रत्यक्षात तळाची कड आणि भिंतीची कड एका रेषेत नसते. केंद्र पाच सेंटिमीटर सरकवलं, पुन्हा बारीक भोक, पुन्हा खाली जाऊन पाहिलं. या वेळी ब्रेकची सळई, सांडपाण्याचा पाइप, वायरींचा जुडगा, सगळं लांब होतं. चुकीचं बारीक भोक सीलंटने, म्हणजे फटी बुजवायच्या लेपाने, बुजवलं.

करवत फिरली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. चांगल्या घराला आपल्या हाताने भगदाड पाडतोय असं वाटत होतं. निघालेली चकती अजून ठेवली आहे: वर प्लायवूड, मधे फोम, खाली प्लायवूड. या फोमकडे लक्ष द्या. एक्झॉस्ट शेकडो अंशांना तापतो आणि फोम वितळतो. आम्ही भोकाच्या कडेला धातूची कडी बसवली, लाकडाच्या उघड्या कडांना रंगाचे दोन हात दिले, मग सीलंट आणि त्यावर बैठक-पट्टी. हीटर आणि पट्टीच्या मधलं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी चकती, विसरायचं नाही, आणि जुनं गॅस्केट परत वापरायचं नाही. त्या शनिवारी तेवढंच झालं. सीलंट वाळायला दोन दिवस.

पुढच्या शनिवारी डिझेलची वाट. टाकी गॅसच्या कप्प्यात बसवायचा मोह होतो, कारण तो कप्पा बाहेरून उघडतो. तिथे नको. तो कप्पा सिलिंडरांचा, गळालेला गॅस खाली निघून जाण्यासाठी केलेला. आम्ही दहा लिटरची टाकी त्याच्या शेजारच्या बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात बांधली. टाकीपासून हीटरपर्यंत कडक नायलॉनचा, आतून दोन मिलिमीटरचा पाइप येतो. इतका बारीक पाहून मला शंका आली होती, पण तो मुद्दामच तसा असतो. रुंद, मऊ पाइपमध्ये हवेचे बुडबुडे साचतात आणि ज्योत विझते. पाइप धारदार पात्याने सरळ कापायचा, पक्कडीने नाही. दोन तुकडे जोडताना टोकाला टोक भिडलेलं हवं. डिझेल हीटरकडे ढकलणारा छोटा पंप आडवा बसवू नका; बाहेर जाणारं तोंड वरच्या बाजूला, तिरका, म्हणजे हवा अडकत नाही.

पंपाचा आवाज हा वेगळाच विषय. डिझेल ठोक्याठोक्याने पुढे जातं, म्हणून टिक-टिक-टिक. पहिल्यांदा आम्ही तो लोखंडी पट्टीने थेट तळाला आवळला, तर रात्री उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखं वाटायचं. रबरी कडीत टांगला तेव्हा आवाज निम्म्याहून कमी झाला.

विजेत मी चुकले. आधीच्या कामातून उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर लावली. हीटर चालू असताना एक-दोन अँपिअरच घेतो, पण पेटताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापणारी कांडी, काही मिनिटं दहा अँपिअरपर्यंत ओढतो. आमची वायर जाऊन-येऊन बारा मीटर. हिशेब मांडला तर वाटेतच ०.८४ व्होल्ट गळत होते. मल्टिमीटर लावला, पेटवण्याच्या क्षणी हीटरपाशी १०.९ दिसले. साडेदहाच्या खाली गेलं की तो बंद पडतो. गार रात्री अर्धी उतरलेली बॅटरी असती तर नक्की दगा मिळाला असता. वायर काढून सहा चौरस मिलिमीटरची टाकली, गळती ०.३५ वर आली. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ. आणि वायर थेट बॅटरीवरून घ्या, मुख्य स्विचमधून नको. हीटर बंद केल्यावरही काही मिनिटं पंखा फिरतो, आतली उष्णता काढतो. कुणी सवयीने मुख्य स्विच बंद केला तर ते काम अर्धवट राहतं आणि यंत्र बिघडतं.

धुराचा पाइप: प्रत्येक क्लॅम्प घट्ट, उतार बाहेरच्या बाजूला, सायलेन्सरचं बारीक छिद्र खाली, म्हणजे पाणी साचत नाही. जळणाच्या हवेचं तोंड धुराच्या तोंडापासून लांब, आणि चाकांचा चिखल उडतो तिथून वेगळं.

९ नोव्हेंबरला पहिल्यांदा बटण दाबलं. पंखा फिरला, पंप टिकटिकला, पेटला नाही. दुसऱ्यांदा दाबलं, तेच. तिसऱ्यांदा दाबणार तेवढ्यात नवऱ्याने हात धरला. तो बरोबर होता. न जळलेलं डिझेल आत साचत जातं. कंट्रोलरवर पाइप भरून घेण्याची वेगळी सोय असते. ती वापरून डिझेल हीटरच्या तोंडापर्यंत आणलं आणि मग पेटवला. आधी पांढरा धूर, भरपूर. दोन-तीन मिनिटांत तो विरला, आतून खोल घरघर ऐकू आली आणि बाकाखालून गरम हवा आली. लेक त्या झोतासमोर हात धरून बसली ती उठेना.

त्या रात्री आम्ही आत झोपलो नाही. ठरवलंच होतं: आधी दोन दिवस जागेपणी चालवायचा. दुसऱ्या संध्याकाळी वारा फिरला आणि आत डिझेलच्या धुराचा वास आला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गप्प होता. लेकीला घेऊन मी बाहेर पडले, नवऱ्याने हीटर बंद करून दार-खिडक्या उघडल्या. कारण सापडायला तास लागला. कॅरॅव्हॅनच्या तळाला गॅस खाली निघून जाण्यासाठी कायमची छिद्रं असतात. आमच्या एक्झॉस्टचं टोक तळाच्या कडेपासून ३० सेंटिमीटर आत संपत होतं. वारा समोरून आला की धूर तळाखाली कोंडायचा आणि त्या छिद्रांतून वर यायचा. छिद्रं बुजवायची नाहीत, ती जीव वाचवणारी आहेत. आम्ही एक्झॉस्ट लांबवून टोक कडेच्या बाहेर काढलं, खिडकी आणि फ्रिजच्या जाळीपासून दूर. मग उदबत्ती हातात घेऊन, वारा वेगवेगळ्या बाजूंनी असताना, चार संध्याकाळी प्रत्येक छिद्रापाशी बसले. वास आला म्हणून आम्हाला कळलं, पण वासावर विसंबू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोच. अलार्म घेताना त्यावर ईएन ५०२९१ या मानकाचा दुसरा भाग लिहिलेला पाहा. पहिला भाग घरांसाठी, दुसरा कॅरॅव्हॅन आणि बोटींसारख्या जागांसाठी. त्या दिवसानंतर आम्ही दुसरा अलार्म लेकीच्या बाजूला लावला.

२३ नोव्हेंबरला तंत्रज्ञ आले. दीड तास तपासलं. डिझेलच्या पाइपचा एक क्लॅम्प बदलायला लावला, तो कडेने पाइपला कापत होता. डिझेल भरण्याआधी हीटर बंद करावा अशी सूचना टाकीपाशी चिकटवायला सांगितली. सही दिली. विमा कंपनीचं मान्यतेचं पत्र ११ दिवसांनी, ४ डिसेंबरला आलं.

खर्चाचे शंभर भाग केले तर आमचे ४८ हीटरला गेले, १७ टाकी, पट्टी आणि जादा पाइपांना, १२ वायरी-फ्यूजना, १६ तपासणीला आणि ७ दोन अलार्मना. हीटरच्या किमतीइतकीच रक्कम पुन्हा बाजूला ठेवा. वायर दोनदा टाकण्याचा खटाटोप तुम्हाला टाळता येईल.

७ डिसेंबरला आम्ही तिघं आत झोपलो. बाहेर उणे चार. हीटर दहा तास चालला, डिझेल दीड लिटरच्या आसपास गेलं. माझा अंदाज रात्रीला १६ अँपिअर-तासांचा होता. सकाळी शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते, म्हणजे अंदाज फारसा चुकला नाही. साध्या बॅटरीचा निम्माच भाग वापरावा, तेव्हा चार्जिंगशिवाय तीन रात्री हा ताण आहे, दोन रात्री सुखाच्या. गादी उचलून पाहिली. फळी कोरडी होती.

आता महिन्यातून एकदा, गरज असो नसो, वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवतो, उन्हाळ्यातही. उंचावरच्या मुक्कामाला हवा विरळ असते आणि काजळी जास्त धरते, तिथे पुस्तिकेतली उंचीची सेटिंग आधी वाचून घ्या. टाकीत उन्हाळ्यात भरलेलं डिझेल हिवाळ्यात ठेवायचं नाही. गारठ्यात त्यातलं मेण गोठतं आणि बारीक पाइप तुंबतो. हिवाळी डिझेल पंपावर कधीपासून मिळतं ते विचारून टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख लिहून ठेवली आहे.